एका सेकंदात चाळीस टकटक

कानाजवळ 'टक्' असा आवाज करायचा, अर्ध्या सेकंदाने तोच आवाज पुन्हा करायचा आणि दोन्ही वेळा मेंदूने काय केलं ते मोजायचं. बायपोलर विकार आणि आवाज यांच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा इतक्या साध्या प्रयोगातून निघाला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डेन्व्हर इथे लॉरेन्स अ‍ॅडलर, रॉबर्ट फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून हेच करत होते. निरोगी माणसाच्या मेंदूत पहिल्या आवाजानंतर साधारण ५० मिलिसेकंदांनी एक छोटी विद्युतलहर उमटते. दुसऱ्या आवाजाला मात्र ती लहर बरीच खुजी होते. 'हे आत्ताच ऐकलंय, यात नवं काही नाही' असं ठरवून मेंदू दार अर्धवट लोटून घेतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये हे दार नीट लागत नाही, दुसरी लहरही जवळपास पहिलीइतकीच येते, असं त्यांना दिसलं. मग १९८३ मध्ये त्यांनी उन्मादावस्थेतल्या, म्हणजे मॅनियातल्या रुग्णांची तपासणी केली. तिथेही दार उघडंच होतं. फरक एवढाच, की उन्माद ओसरला तसं ते पुन्हा लागू लागलं.

हा फरक लहान वाटतो, पण पुढच्या चाळीस वर्षांचा वाद त्यातच आहे. बायपोलर विकारात आवाजाच्या प्रक्रियेत दिसणारा बिघाड हा त्या वेळच्या मनःस्थितीचा परिणाम, की मेंदूच्या घडणीतच असलेली गोष्ट?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना बायपोलर विकार होता. कधी नैराश्याचा खोल खड्डा, कधी उन्मादाची उसळी आणि मधल्या काळात अगदी तुमच्या-आमच्यासारखं आयुष्य. पुष्कळदा पहिला झटका नैराश्याचा असतो. त्यामुळे 'डिप्रेशन' म्हणून उपचार सुरू होतात आणि खरं निदान व्हायला वर्षं जातात. रक्ताच्या तपासणीसारखी एखादी वस्तुनिष्ठ चाचणी मिळावी ही ओढ त्यातूनच आली आहे.

या लोकांच्या कानात मात्र दोष नसतो. श्रवणचाचणी करा, ती नॉर्मल येईल. प्रश्न त्यापुढचा आहे. आवाज श्रवणचेतेतून मेंदूत शिरतो, मेंदूच्या खालच्या भागातली काही ठाणी पार करतो आणि कानशिलामागच्या घडीत लपलेल्या श्रवणकेंद्रापर्यंत पोहोचतो. या घडीला ऑस्ट्रियन शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड हेशल यांचं नाव आहे. तिथे पहिले काही दशांश सेकंद जे घडतं ते बघायचं, तर कोणतं यंत्र वापरायचं?

एमआरआय हे पहिलं सुचणारं उत्तर. आवाजाच्या अभ्यासासाठी मात्र ते अडचणीचं. ज्यांनी एमआरआय करून घेतला आहे त्यांना त्या नळीतला खणखणाट आठवत असेल. तो १०० डेसिबलच्याही वर जातो. अशा गोंगाटात हळुवार टकटक ऐकवून मेंदूचा प्रतिसाद टिपणं म्हणजे संशोधकांची परीक्षाच. त्यांनी त्यातून वाट काढली: आधी यंत्र शांत ठेवून आवाज ऐकवायचा आणि काही सेकंदांनी चित्र घ्यायचं. हे जमतं, कारण एमआरआय रक्तप्रवाहातला बदल बघतो आणि तो बदल चार-सहा सेकंद मागून येतो. पण त्यामुळेच 'कुठे' हे कळतं, 'केव्हा' हे निसटतं. आणि इथे तर सगळा मामला मिलिसेकंदांचा.

म्हणून या विषयात मॅग्नेटोएन्सेफॅलोग्राफी, थोडक्यात एमईजी, पुढे आली. चेतापेशींत वीज वाहते तेव्हा तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्रही तयार होतं. मेंदूचं हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रापेक्षा कोट्यवधी पटींनी क्षीण असतं. डेव्हिड कोहेन यांनी १९६८ मध्ये ते पहिल्यांदा तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याने टिपलं आणि १९७२ मध्ये अतिवाहक संवेदकांनी अधिक स्पष्ट मोजलं. हे संवेदक द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला ठेवावे लागतात आणि खोलीला चुंबकरोधक भिंती लागतात. पट्टा, घड्याळ, केसांची पिन, सगळं बाहेर काढून ठेवायचं. विद्युतलहरी कवटीतून जाताना पसरट होतात, चुंबकीय क्षेत्र तसं होत नाही. त्यामुळे डाव्या आणि उजव्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद वेगवेगळा ओळखता येतो. शिवाय एमईजीला मेंदूच्या घड्यांच्या भिंतींतले प्रवाह उत्तम दिसतात, आणि श्रवणकेंद्र नेमकं अशाच घडीत आहे. या यंत्रासाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती.

आता चाळीसची गोष्ट. वटवाघळं आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात हे डोनाल्ड ग्रिफिन यांच्यासोबत सिद्ध करणारे रॉबर्ट गॅलॅम्बोस यांनी १९८१ मध्ये माणसांवर एक प्रयोग केला. सेकंदाला वेगवेगळ्या गतीने टकटक ऐकवली, तर मेंदूची लहरही त्याच गतीने ठेका धरते, आणि चाळीसच्या आसपास हा ठेका सर्वांत जोरकस असतो. झोपेत तो क्षीण होतो, भूल दिल्यावरही क्षीण होतो. (तान्ह्या बाळांची श्रवणचाचणी झोपेत करतात, म्हणून त्यांच्यासाठी याच तंत्रात साधारण ८० च्या पुढची गती वापरतात.)

हा ठेका दोन तऱ्हांनी बिघडू शकतो. ढोल-ताशा पथकाचा विचार करा. ढोलच कमी असतील तर आवाज बारीक येईल. ढोल भरपूर आहेत, पण वादक एकमेकांच्या किंचित पुढे-मागे टिपरू मारताहेत, तरी लांबून ऐकणाऱ्याला तो दणका जाणवणार नाही, नुसता गलका ऐकू येईल. संशोधक या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: लहरीची ताकद, आणि प्रत्येक वेळी ती टकटकीला त्याच क्षणी उत्तर देते की नाही हा नेमकेपणा.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या गटाने २००४ मध्ये ईईजी, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडांनी विद्युतलहरी नोंदण्याचं तंत्र, वापरून बायपोलर रुग्णांत हा ठेका ढिला असल्याचं दाखवलं. जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हाच प्रश्न एमईजीने तपासला. वेगवान टकटकींना रुग्णांच्या मेंदूचा प्रतिसाद दोन्ही बाजूंना क्षीणही होता आणि विस्कळीतही. पथकाच्या भाषेत, ढोलांचा जोर कमी होता आणि हातही जुळत नव्हते.

असं का व्हावं? चाळीसचा ठेका म्हणजे दर २५ मिलिसेकंदांनी एक आवर्तन. ते धरून ठेवतात श्रवणकेंद्रातल्या लहान, चपळ, दमन करणाऱ्या पेशी. गाबा नावाचं रसायन सोडून त्या शेजारच्या मोठ्या पेशींना क्षणभर गप्प करतात. दमन सरलं की त्या सगळ्या एकदम बोलू लागतात. दमनाची वेळ चुकली की एकत्र बोलणंही चुकतं. बायपोलर विकारात याच पेशींच्या जाळ्यात काही गडबड असावी असा संशय आहे. २००८ मध्ये या विकाराशी जोडली गेलेली दोन जनुकंही, सीएसीएनए१सी आणि एएनके३, चेतापेशींच्या विद्युत-वर्तनाशी संबंधित आहेत. हे चित्र जुळतं, पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

कारण खाचखळगे बरेच आहेत. अशा अभ्यासांत रुग्ण बहुधा काही डझनच असतात. बहुतेकजण लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा मनोविकारविरोधी औषधं घेत असतात आणि त्यांचा मेंदूलहरींवर परिणाम होतो. निकोटिनने तर ते 'दार' काही काळ सुधारतं, म्हणजे चाचणीपूर्वी ओढलेली सिगारेटसुद्धा निकाल हलवू शकते. डेन्व्हरच्याच गटातल्या अ‍ॅन ओलिन्सी यांनी २००५ मध्ये आणखी एक गाठ सोडवली: दार न लागण्याचा दोष मुख्यतः अशा बायपोलर रुग्णांत होता ज्यांना आयुष्यात कधीतरी भास-भ्रम झाले होते. म्हणजे तो निदानापेक्षा लक्षणाच्या मागे जात होता.

अमेरिकेतल्या बी-स्निप या मोठ्या प्रकल्पाने हा विचार पुढे नेला. स्किझोफ्रेनिया, स्किझोअफेक्टिव्ह (ज्यात स्किझोफ्रेनिया आणि मनःस्थितीचे विकार या दोन्हींची लक्षणं दिसतात) आणि भास-भ्रमांसह बायपोलर अशा शेकडो रुग्णांचे आवाजाला मिळणारे प्रतिसाद, डोळ्यांच्या हालचाली आणि आकलनक्षमता मोजून, निदानाची लेबलं बाजूला ठेवून त्यांची नव्याने विभागणी केली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या तीन गटांपैकी प्रत्येकात तिन्ही निदानांचे लोक होते. मला स्वतःला या सगळ्या संशोधनात हीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते: आपण ज्यांना वेगवेगळे आजार म्हणतो त्यांच्या मधली भिंत मेंदूच्या पातळीवर दिसतच नाही.

म्हणून 'मेंदूच्या लहरी बघून बायपोलर ओळखतो' असं कोणी म्हटलं, तर पैसे खिशातच ठेवावेत. वर सांगितलेले सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एकेका माणसाचे आकडे निरोगी लोकांच्या आकड्यांत बेमालूम मिसळतात. मेंदूलहरींवर जास्तीचं ओझं टाकण्याचा धडा पुण्याने एकदा पाहिलाही आहे. २००८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात, आरोपीला विधानं ऐकवून नोंदलेल्या ईईजीचा आधार घेतला होता. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चाचण्या संमतीविना करायला मनाई केली.

मनःस्थिती की घडण, हा मूळ प्रश्न सोडवायचा तर एकाच माणसाला उन्मादात, नैराश्यात आणि बऱ्या काळात मोजलं पाहिजे. अडचण उघड आहे. जोरदार उन्मादातला माणूस त्या यंत्राखाली डोकं न हलवता बसणार कसा? त्यामुळे बरेच अभ्यास मनःस्थिती स्थिर असलेल्या लोकांवर झाले आहेत. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात आणि युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये द्रव हेलियमशिवाय चालणारे संवेदक बसवलेलं, डोक्यावर घालायचं एमईजी तयार झालं. त्यात चाचणी देणाऱ्यांनी मान हलवली, चहा प्यायला, चेंडू टोलवला, आणि नोंदी तरीही आल्या.