माशांच्या जिवाणूचा जीनोम: नमुना पाठवण्याआधी

जीनोम म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए. सिक्वेन्सिंगचे यंत्र ट्यूबमधला डीएनए अक्षराअक्षराने वाचते. तो कुणाचा, हे विचारत नाही. त्यामुळे अहवाल चांगला की वाईट हे बहुतेक वेळा जिवाणू वाढवण्याच्या तुमच्या प्लेटवरच ठरते.

मरून तरंगणारा मासा घेऊ नका. मासा मेल्यावर काही तासांतच आतड्यातले जिवाणू अंगभर पसरतात आणि प्लेटवर तेच उगवतात. लक्षणे दिसणारा, धुगधुगी असलेला मासा घ्या. बाहेरून ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि निर्जंतुक लूप (तारेचे कडे) किडनीत टोचा. टीएसए अगारवर (जिवाणू वाढवण्याचे नेहमीचे माध्यम) २८ अंश सेल्सिअसला २४ तास ठेवा. मग एकच सुटी कॉलनी (एका जिवाणूपासून वाढलेला ठिपका) उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढा. असे सलग तीनदा. तिसऱ्या वेळी कंटाळा येतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

कल्ले सडले असतील, म्हणजे फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेरी या जिवाणूचा संशय असेल, तर टीएसए चालत नाही. शिएह माध्यम वापरा, त्यात लिटरला १ मिलिग्रॅम टोब्रामायसिन हे प्रतिजैविक घाला, नाहीतर एरोमोनास हा दुसरा जिवाणू आधी प्लेट व्यापतो. पिवळी, चपटी, कडेला मुळ्या फुटल्यासारखी आणि अगारला घट्ट चिकटलेली कॉलनी शोधा.

मिसळ झाली तर आकड्यांत दिसते. एरोमोनास हायड्रोफिलाचा जीनोम साधारण ४७ लाख अक्षरांचा, त्यात जी-सी (जी आणि सी या अक्षरांचा वाटा) ६१ टक्के. कॉलम्नेरीचा ३२ लाखांचा, जी-सी ३१ टक्के. असेंब्ली (वाचलेले तुकडे जोडून तयार झालेला जीनोम) ७९ लाखांवर गेली आणि जी-सीच्या आलेखाला दोन उंचवटे आले, तर ट्यूबमध्ये दोघेही होते. एकाच प्रजातीचे दोन स्ट्रेन (उपप्रकार) मिसळले असतील तर मात्र आकार फारसा वाढत नाही, नुसते तुकडे वाढतात. हे पकडणे अवघड.

डीएनए किती आहे ते क्युबिट या मापकावर मोजा. नॅनोड्रॉप हा दुसरा मापक आरएनएही मोजतो आणि आकडा फुगतो. शुद्धता दाखवणारे २६०/२८० गुणोत्तर (या दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचे) मात्र नॅनोड्रॉपवर पाहा, ते १.८ ते २.० हवे.

१५० अक्षरांच्या छोट्या रीड्सवर (यंत्राने सलग वाचलेल्या तुकड्यांवर) प्रजाती आणि जनुके कळतात. पण रायबोसोमल आरएनएची हजारो अक्षरांची पुनरावृत्ती त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून जीनोम तुकड्यांतच मिळतो. प्रतिजैविकांना प्रतिकार करणारे जनुक प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यावर) आहे का, हा प्रश्न असेल तर लांब रीड्सच मागा. त्यासाठीचा डीएनए व्होर्टेक्सवर (घुसळणाऱ्या यंत्रावर) घुसळू नका, तुटतो.

अहवालात सीपीएचए हे कार्बापेनेम या प्रतिजैविकांना प्रतिकार करणारे जनुक दिसले तर लगेच घाबरू नका. हायड्रोफिलाच्या गुणसूत्रावर ते बहुधा मुळातच असते.

अहवाल मिळेपर्यंत त्याच कॉलनीची २० टक्के ग्लिसरॉलमधली एक ट्यूब उणे ८० अंशांवर ठेवा. पुन्हा वाचायची वेळ आली तर तळ्यात तोच स्ट्रेन सापडेलच असे नाही.