उतरलेली बासरी, न हलणारा सूर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर काउंटीत मिलटाउन मॅलबे नावाचं छोटं गाव आहे. १९७३ पासून दर जुलैत तिथे आठवडाभर पारंपरिक संगीताची शिबिरं भरतात आणि गावातल्या स्वयंपाकघरांतही मैफली रंगतात. गेल्या वर्षी मी मित्राकडे तिथे गेलो तेव्हा सामानात माझी बासरी होती. त्याच्या हातात कॉन्सर्टिना, म्हणजे षटकोनी, दोन्ही हातांत मावणारी, मध्ये भाता असलेली पेटी. पहिला सूर लावला आणि दोघंही थांबलो. बासरी चक्क उतरली होती.

ही बासरी पुण्यात, मे महिन्यात लावलेली. तिच्यात कंप पावते ती हवा, त्यामुळे सूर ठरतो नळीच्या लांबीवर आणि हवेतल्या ध्वनीच्या वेगावर. ३६ अंशांना हा वेग सेकंदाला सुमारे ३५३ मीटर असतो, १६ अंशांना ३४१. नुसता हिशोब केला तर सेकंदाला ४४० कंपनांचा सूर ४२५ वर येतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त उतरतो. फुंकर गरम असल्याने प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण कानाला खटकायला तेवढा पुरतो.

मित्राची पेटी मात्र जागची हलत नव्हती. का, ते त्याने उघडूनच दाखवलं. एका बाजूचे सहा स्क्रू काढले, वरची जाळी आणि बटणांची फळी उचलली. खाली पपनसाच्या फोडींसारखे लाकडी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात पितळी चौकटीत बसवलेलं पोलादाचं एक पातं. एक टोक घट्ट आवळलेलं, दुसरं मोकळं. पातं आणि चौकट यांच्यात केसाएवढी फट. आपल्या पेटीचे कारागीर यालाच ‘सूर’ म्हणतात, आणि मला तो शब्द फार आवडतो, कारण सूर खरोखर तिथेच असतो.

भात्यातली हवा पात्याला चौकटीच्या खाचेत ढकलते, वाट बंद होते. पातं स्प्रिंगसारखं परत उसळतं, वाट उघडते. सेकंदाला शेकडो वेळा हवेचा प्रवाह असा कापला जातो आणि तोच आवाज होऊन बाहेर येतो. किती वेळा, हे ठरवते पात्याची लांबी, जाडी आणि पोलादाचा ताठपणा. लांबी दुप्पट केली तर कंपनं चौथाईवर येतात. कानशीने टोकाकडे जरा घासलं की वजन घटून सूर चढतो, मुळाशी घासलं की ताठपणा घटून उतरतो. या हिशोबात ध्वनीचा हवेतला वेग कुठेच येत नाही. उन्हाने पोलाद किंचित मऊ पडतं, पण तो फरक सहसा कानाला कळत नाही. म्हणून अशा बैठकीत पाहुणा असो वा यजमान, जुळवून घ्यायचं ते बासरीनेच. मी ती दहा मिनिटं काखेत धरून ऊब दिली, मग वाजवायला घेतली.

पातं बसवलेलं असतं त्याच बाजूने हवा आली तर ते बोलतं. म्हणून प्रत्येक बटणामागे दोन पाती, भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरं. मित्राच्या पेटीला ३० बटणं आणि ६० पाती; दाबताना एक स्वर, ओढताना वेगळा. या धाटणीची मुळं जर्मनीत केम्निट्झला १८३४ च्या सुमारास उलिग यांनी केलेल्या वाद्यात आहेत. लंडनची इंग्लिश कॉन्सर्टिना मात्र दोन्हीकडे एकच स्वर देते, आणि ती चार्ल्स व्हीटस्टन यांची. बारावीच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या नावाच्या ब्रिजवर आपण रोध मोजला तेच हे व्हीटस्टन! वाद्यांच्या व्यवसायातल्या घरात ते वाढले होते. आपल्या पेटीवरच्या काळी दोन आणि काळी चार या दोन स्वरांसाठी त्यांच्या वाद्यात दोन-दोन वेगळी बटणं असत, कारण त्या जागी दोन जवळजवळचे पण निराळे स्वर हवे असतात. १९४० पासून तीन दशकं आकाशवाणीने पेटीला दूर ठेवलं, त्या वादात श्रुतींचा हाच मुद्दा होता. तो इतका आधी एका भौतिकशास्त्रज्ञाच्या वाद्यात उमटला होता, हे मला विलक्षण वाटतं.

दुसऱ्या संध्याकाळी शेजारच्या आजी त्यांच्या घरातली व्हिक्टोरियन काळातली पेटी घेऊन आल्या. तेव्हा इंग्लंडात सूर चढा ठेवत, ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास. दोघांनी एकच स्वर धरला आणि सेकंदाला बाराएक ठोक्यांची थरथर ऐकू येऊ लागली. दोन कंपनसंख्यांमधला फरक असा थेट कानावर येतो. कुणाचीच पेटी हलणारी नव्हती, मग त्या दोघांनी आलटून पालटून वाजवलं.

डिसेंबरात मित्र पुण्याला आला आणि त्याची पेटी पहिल्यांदाच कुरकुरली. विमानातली हवा फार कोरडी असते, आणि आपला हिवाळाही कोरडाच. लाकूड आटलं, पितळी चौकट तिच्या खाचेत सैल झाली आणि एक स्वर झणझणू लागला. आमच्या पेटीवाल्या काकांनी कॉन्सर्टिना आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी आवाज ऐकला, ‘सूर ढिला झालाय’ म्हणाले, स्क्रू काढून चौकटीच्या कडेला पातळ कागदाची पट्टी सरकवली आणि पेटी त्याच्या हातात देत म्हणाले, ‘आता वाजवा बघू.’