नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं नाही: घर भाड्याने देणाऱ्यांसाठी माहिती

आमच्याकडे भाडेकराराच्या नोंदणीसाठी येणारे बरेच घरमालक हातात तयार कागद घेऊनच येतात. ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, दोघांच्या सह्या, खाली नोटरीचा गोल शिक्का. भाडेकरूचं सामानही एव्हाना घरात लागलेलं असतं. मग म्हणतात, “करार तयारच आहे, तेवढा रजिस्टर करून द्या. तारीख मागचीच राहू द्या.” तसं करता येत नाही. का, ते दर वेळी फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून दिलेलं बरं.

नोटरी फक्त एवढंच सांगतो की ही सही या माणसाने माझ्यासमोर केली. त्या कराराची सरकारदरबारी नोंद होत नाही, त्याची इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातून मिळणारा नोंदीचा उतारा) निघत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) याच्या कलम ५५ नुसार घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी), करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नाही आणि एजंटचीही नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

“पण आमचा अकराच महिन्यांचा आहे हो!” हे तर रोजचंच. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यातून ही अकरा महिन्यांची वहिवाट पडली. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुदत बघत नाही. अकरा महिने असोत की तीन, नोंदणी लागतेच.

दंडाची भीती फारशी कुणाला वाटत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. खरी मेख त्याच कलमात पुढे आहे. नोंदणीकृत करार नसेल, तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं घरमालकाने. समजा डिपॉझिट तुम्ही पन्नास हजार घेतलंत, त्यातले वीस रोख. भाडेकरू म्हणाला ऐंशी दिले होते. किंवा म्हणाला, मुदत तीन वर्षांची ठरली होती. आता पुरावे गोळा करत फिरायचं तुम्ही.

याउलट, लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही राहणारा घर सोडत नसेल, तर याच भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. तिथे सगळी मदार लेखी करारावर असते. म्हणजे नोंदणीवर वाचवलेले पैसे नेमके गरजेच्या वेळी अंगावर येतात. आणि ते पैसे तरी किती? साठ महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का. महिना वीस हजार भाडं, एक लाख परतीचं डिपॉझिट, दोन वर्षांची मुदत धरा. भाड्याचे ४,८०,००० आणि डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज २०,०००, एकूण पाच लाख. त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण साडेबाराशे रुपये. नोंदणी फी शहरात १,०००, ग्रामीण भागात ५००. आमची फी यात धरलेली नाही, ती आधी विचारून घ्या. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

आता भाडेकरूच्या बाजूने. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट या सोयी भाडं थकलं म्हणून तोडता येत नाहीत. कलम २९ नुसार तो गुन्हा आहे. कुलूप बदलून सामान बाहेर ठेवण्याचा सल्ला देणारे खूप भेटतील, पोलीस ठाण्यात सोबत येणारा एकही भेटणार नाही. घर बघायला जायचं तर आधी कळवून, योग्य वेळी. मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्या. ऑनलाइन भाडं घेत असाल तरी डिपॉझिटची लेखी पोच हवीच.

दुरुस्तीवरून सर्वात जास्त कटकटी होतात. पूर्वापार भाडेकरू असेल तर घर नीट राखणं मालकाचं काम; कलम १४ नुसार पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. लिव्ह अँड लायसन्समध्ये ही वाटणी करारातच लिहिलेली बरी. गळती आणि भिंतीतलं वायरिंग मालकाकडे, नळाचा वायसर आणि बल्ब राहणाऱ्याकडे, असं आम्ही साधारण लिहितो. गिझर, पंखे, कपाटं, चाव्यांची संख्या यांची यादीही जोडतो. काहींना हा फाफटपसारा वाटतो. घर सोडताना डिपॉझिटमधून किती कापायचे यावर वाद होतो, तेव्हा दोघेही तीच यादी शोधतात.

दोन महिन्यांहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. ती तरतूद केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातली आहे. तो नमुना आहे; राज्याने स्वतः कायदा केल्याशिवाय कुणावर बंधनकारक होत नाही.

सोसायटीला आधी कळवा. ना-वापर शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवण्याचं कामही आम्ही करारासोबतच उरकतो.

राहिला मागच्या तारखेचा प्रश्न. ऑनलाइन नोंदणीत करार नोंदणी खात्याच्या साच्यात नव्याने तयार होतो. तुमचा नोटरीचा कागद त्यात तसाच चढवता येत नाही, आणि सहीची तारीख मागची टाकून आम्ही देत नाही. दुसरीकडे कुणी देत असेल तर त्यांच्याकडून जरूर घ्या, पण कोर्टात तो कागद तुम्हालाच दाखवायचा आहे. म्हणून चावी देण्याआधी फोन करा. मसुदा दोघांना वाचायला पाठवतो, मगच ठसे घेतो.

आम्ही ठसे घेण्याचं मशीन घेऊन घरी येतो, तेव्हा दोघांचे आधार आणि पॅन, वीजबिल किंवा इंडेक्स टू हाताशी ठेवा. घर नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघंही हजर हवेत. “मिसेसचा अंगठा नंतर घ्या” म्हणजे आमची दुसरी खेप आणि तिचा वेगळा आकार. वयस्कर मंडळींचे अंगठे झिजलेले असतात, मशीन वारंवार नाकारतं. अशा वेळी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, दुसरं बोट लावून बघा. तरीही जमत नसेल तर आधी आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या, मग आम्हाला वेळ द्या.