मेटल डिटेक्टरने नाणेशोध

शेतजमिनीत पुरलेली किंवा हरवलेली जुनी नाणी मेटल डिटेक्टरने हुडकण्याचा छंद. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो चांगलाच रुजला आहे, कारण तिथल्या नांगरटीच्या थरात रोमन नाणी सापडत राहतात आणि जमीनमालकाची परवानगी असल्यास शोध कायदेशीर ठरतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मात्र वेगळा परवाना लागतो.

यंत्राच्या टोकाशी असलेल्या कॉइलमधून (तारेच्या चकतीसारख्या वेटोळ्यातून) बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्याने धातूत विद्युत्प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल परत टिपते. 28 सेंमी. कॉइलला मध्यम आकाराचे नाणे साधारण 15 ते 25 सेंमी. खोलीपर्यंत कळते; आडवे नसून कडेवर उभे असेल तर संकेत क्षीण येतो. कॉइल जमिनीला समांतर, दोन-तीन सेंमी. वर, सावकाश फिरवावी. नवखे लोक फेऱ्याच्या दोन्ही टोकांना हात उचलतात आणि तिथली खोली गमावतात.

लोखंडाचा संकेत यंत्राने दाबून टाकावा, ही ‘लोखंड वगळण्याची’ सोय सोयीपेक्षा फसवीच जास्त. खिळ्याला चिकटून पडलेले नाणे खिळ्याबरोबर गप्प होते, आणि रोमन वस्तीच्या जागी तर खिळ्यांचा खच असतो. म्हणून तिथे वगळणी कमी करून सुमारे 15 सेंमी.ची छोटी कॉइल लावतात. चिमुकले तांब्याचे नाणे आणि ॲल्युमिनियम फॉइलचा कपटा यंत्राच्या पडद्यावर बहुधा धातू ओळखण्याचा सारखाच आकडा दाखवतात. खणल्याखेरीज उलगडा होत नाही.

गवताळ जागी माती तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखी उलटावी, काम झाल्यावर परत दाबून बसवावी. एकामागोमाग नाणी किंवा मडक्याचा काठ लागला, तर हात तिथेच थांबवावा. 2010 साली सॉमरसेटमधील फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांनी तसेच केले. पुरातत्त्वज्ञांनी मडके थराथराने रिकामे केले. त्यात 52,503 नाणी निघाली. सर्वांत उशिराची, म्हणजे ब्रिटनमध्ये स्वतःला सम्राट घोषित करणाऱ्या कॅरॉसियसची बहुतेक नाणी वरच्या थरात नसून बरीच खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षे भर घातलेली ही पुंजी नव्हती.

सापडलेले नाणे चिंच-लिंबाने घासू नये. अक्षरे बहुधा वरच्या हिरवट थरातच उरलेली असतात. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर क्लोराइडमुळे धातू आतून खाल्ला जात असतो. असे नाणे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह कोरडे ठेवावे.

इंग्लंड-वेल्समधील 1996च्या ट्रेझर कायद्यानुसार, 300 वर्षांहून जुनी आणि एकत्र सापडलेली किमान दोन सोन्या-चांदीची किंवा किमान दहा तांब्यासारख्या कमी मोलाच्या धातूंची नाणी 14 दिवसांत कॉरोनर या स्थानिक न्यायिक अधिकाऱ्याला कळवावी लागतात. सुट्या नाण्याची नोंद ऐच्छिक असते.

भारतात 1878चा निखात निधी कायदा लागू आहे: जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. दख्खनच्या बेसाल्टी मातीत लोहखनिज भरपूर असल्याने यंत्राचे ‘ग्राउंड बॅलन्स’ (मातीचा स्वतःचा संकेत वजा करणारी जुळणी) वारंवार जुळवावे लागते, नाहीतर ते मोकळ्या जमिनीवरही कुरकुरत राहते.