शनीच्या दारातला भालदार

मे महिन्यात सकाळी दहाच्या सुमारास नागपुरातल्या एखाद्या सिमेंटच्या भिंतीसमोर माणूस उभा करा आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून त्याच्याकडे पाहा. भिंत तापत तापत ३५ अंशांपर्यंत आलेली असते, माणसाची त्वचाही साधारण तेवढीच. कॅमेऱ्याच्या लेखी दोघांत फरक उरत नाही आणि माणूस भिंतीत विरघळल्यासारखा दिसेनासा होतो. दुपारी दोनला भिंत ५० अंशांवर गेली, की तो पुन्हा दिसू लागतो; मात्र आता उजळ नाही, काळपट, कारण भोवतालापेक्षा तोच थंड असतो. सोसायटीच्या जिन्यातले माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे ऐन उन्हाळ्यात चटकन का लागत नाहीत, त्याचेही उत्तर यात आहे. त्यांचा सेन्सर माणसाला ओळखत नाही. तो फक्त तापमानातला फरक सरकताना टिपतो, आणि फरकच नसेल तर त्याच्यापुरते कोणी आलेलेच नसते.

हे सगळे मी एका रोबोटमुळे सांगतो आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांनी एक एकांकिका लिहिली. शनीच्या वलयांजवळ माणसांचे स्थानक, आकाशगंगेच्या दोन टोकांना दोन शत्रू साम्राज्ये आणि स्थानकाच्या दारात एक शस्त्रधारी यंत्रमानव. मुलांनी त्याचे नाव ठेवले ‘भालदार’. वजन २०० किलो, उजव्या हातात बंदूक, डाव्या खांद्यावर लेसर, काळोखात उष्णतेवरून माणूस हेरणारे डोळे आणि एकच हुकूम: अनोळखी कोणी आले तर सोडायचे नाही. मला हा भालदार फार आवडला. म्हणूनच त्याला खऱ्या भौतिकशास्त्राच्या दारात उभा करून पाहावेसे वाटले.

आधी बंदूक. बारूद स्वतःपुरता ऑक्सिजन रसायनातच बाळगते, त्यामुळे निर्वातातही गोळी सुटते. हे प्रत्यक्षात घडलेले आहे. सोव्हिएत संघाच्या साल्यूत-३ या स्थानकावर विमानातल्या तोफेवरून बनवलेली तोफ बसवलेली होती आणि जानेवारी १९७५ मध्ये स्थानकात कोणी नसताना ती डागण्यात आली. तोफ स्थानकाला घट्ट जोडलेली असल्याने नेम धरायचा तर अख्खे स्थानक वळवावे लागे. भालदाराचीही तीच अडचण. चार ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने सुटली, की २०० किलोचा तरंगता भालदार उलट दिशेला सेकंदाला जवळपास दोन सेंटीमीटर वेगाने सरकू लागेल. एकामागून एक तीस गोळ्या झाडल्या तर तो सेकंदाला अर्ध्या मीटरहून अधिक वेगाने दारापासून दूर निघेल आणि हात शरीराच्या मध्यावर नसल्याने गरगर फिरतही राहील. पाय स्थानकाला जखडल्याशिवाय त्याला पहारा देता यायचा नाही.

चुकलेली गोळीही कुठे पडत नाही. वलयांच्या भागात शनीभोवती फिरण्याचा वेग सेकंदाला २० किलोमीटरच्या आसपास असतो. गोळीने त्यात जेमतेम एक किलोमीटरची भर घातली किंवा तेवढा वेग कमी केला, तरी ती शनीच्या ओढीतून सुटत नाही. ती नव्या कक्षेत जाते, आणि ती कक्षा जिथून गोळी झाडली त्या बिंदूतून पुन्हा जाते. भारताने २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त आपलाच उपग्रह पाडला, तेव्हा त्यासाठी सुमारे ३०० किलोमीटरची कमी उंची निवडली होती, ती तुकडे लवकर वातावरणात शिरून जळून जावेत म्हणून. शनीच्या वलयांजवळ असा जाळून टाकणारा हवेचा थर नाही.

लेसरला धक्का नसतो, पण त्याची उष्णता जड जाते. आपल्याकडचा वाळ्याचा कूलर चालतो तो कोरड्या हवेच्या झोतावर. पाणी उडते, उष्णता घेऊन जाते. निर्वातात झोतच नाही. उष्णता टाकायचा एकच टिकाऊ मार्ग, तो म्हणजे ती प्रारणाच्या, म्हणजे न दिसणाऱ्या किरणांच्या, रूपात सोडणे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची मोठी पांढरी रेडिएटरची पाने त्यासाठीच पसरलेली असतात. ५० अंश तापमानाचा काळा पृष्ठभाग चौरस मीटरमागे सेकंदाला सुमारे ६०० जूल, म्हणजे ६०० वॅट, बाहेर टाकतो. भालदाराचा संगणक आणि मोटारी मिळून ५०० वॅट खात असतील, तर एक चौरस मीटरचे पान पुरेल. पण दहा किलोवॅटचा लेसर सतत चालवायचा आणि घेतलेल्या विजेपैकी तिसरा हिस्साच किरणात उतरणार असेल, तर २० किलोवॅट उष्णता मागे उरते. तिला तीस-पस्तीस चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. मुलांनी चित्रात काढलेला सडसडीत भालदार लेसर चालवू लागला, की त्याला पाठीवर प्रचंड पंख बाळगावे लागतील. एखादी क्षणिक झळाळी मेण वितळवून साठवता येईल, लढाई नाही.

शस्त्रांचे इतके पुरे. माझे मन अडकले ते त्याच्या डोळ्यांत.

अंतराळात पाठीमागचे आकाश उणे २७० अंशांचे. त्यावर २० अंश उबेचे यान असे चमकते, की थंड केलेला चांगला सेन्सर त्याला फार दूरवरून पकडेल. तेव्हा भालदाराला जहाज दिसेल यात शंका नाही. पण माणूस? अंतराळवीराच्या पोशाखात ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पातळ प्लास्टिकचे अनेक थर असतात आणि त्यांचे कामच आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हे आहे. शनीजवळ ऊन पृथ्वीजवळच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढे. अशा जागी पोशाखाचा बाहेरचा थर उणे दीडशेच्या खाली उतरू शकतो. उष्णतेचे प्रारण निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून, मोजलेल्या तापमानाच्या चौथ्या घाताने घटते. उणे १७३ अंशांची वस्तू २७ अंशांच्या वस्तूच्या एक्याऐंशीव्या हिश्श्याएवढेच प्रारण सोडते, आणि तेही इतक्या लांब तरंगलांबीवर, की साधा उष्णता-कॅमेरा त्याकडे जवळजवळ आंधळा असतो. म्हणजे हजारो किलोमीटरवरचे जहाज ओळखणारा पहारेकरी हाताच्या अंतरावरच्या माणसाला मुकतो. मे महिन्यातल्या नागपूरच्या भिंतीसमोर जे होते, तेच शनीच्या गारठ्यात वेगळ्या कारणाने होते.

मग रडार लावू, दिवा लावू. लावता येईल. त्याने कळेल की हातपाय असलेले काहीतरी जवळ येते आहे. आपले की परके, हे त्यातून कळणार नाही.

नागपूरजवळ कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. लष्करी ठाण्याच्या दारातला संत्री आधी हाक देतो: ‘थम, कौन आता है?’ समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. निर्वातात आवाज जात नाही, त्यामुळे भालदाराची हाक रेडिओवरून जाणार. दुसऱ्या महायुद्धापासून लढाऊ विमाने हेच करत आली आहेत. जमिनीवरून सांकेतिक प्रश्न जातो, विमानातले यंत्र ठरलेल्या गुप्त किल्लीने उत्तर देते. उत्तर बरोबर आले तर समोरचा मित्र.

आणि उत्तर आले नाही तर? एकांकिकेच्या तालमीत आठवीतल्या एका मुलीने हाच प्रश्न विचारला: “सर, त्या माणसाचा रेडिओच बिघडला असन तं?”

माझ्या मते सगळ्या भालदाराचा कस या एका प्रश्नात आहे. ही यंत्रणा मित्र सिद्ध करते. शत्रू सिद्ध करणे तिला येतच नाही. तिच्याकडे दोनच कप्पे आहेत, ‘मित्र’ आणि ‘माहीत नाही’. ‘माहीत नाही’ला ‘शत्रू’ म्हणायचे हा निर्णय माणसाने आधीच घेऊन यंत्रात भरलेला असतो. इराक युद्धात २३ मार्च २००३ रोजी अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्राने ब्रिटनचे टॉर्नेडो विमान पाडले. विमान कामगिरी संपवून कुवेतमधल्या आपल्या तळाकडे परतत होते. पेट्रियटच्या संगणकाने त्याला रडारवर धावून येणारे क्षेपणास्त्र ठरवले, आणि विमानातली ओळख सांगणारी यंत्रणा बिघडलेली असावी, असे ब्रिटिश चौकशीत पुढे आले. विमानातले दोघेही गेले. शनीच्या दारात ज्याचा रेडिओ मेला आहे, बॅटरी संपत आली आहे, पोशाख गार पडला आहे आणि जो धडपडत वेड्यावाकड्या मार्गाने दाराकडे येतो आहे, त्याला आत घ्यायची घाई सर्वांत जास्त. यंत्राच्या हिशेबात मात्र तोच सर्वांत संशयास्पद.

अचूकता वाढवली की प्रश्न सुटेल, असे वाटते. थोडा हिशेब करू. समजा, दारात वर्षाला दहा हजार जण येतात आणि त्यातला एकच हल्लेखोर असतो. भालदार शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर. तो हल्लेखोर बहुधा पकडला जाईल, पण उरलेल्यांपैकी सुमारे शंभर निरपराधांवरही तो बंदूक रोखेल. धोका जितका विरळ, तितके खोटे इशारे खऱ्यांना बुडवून टाकतात. याला भालदाराचा आळस कारण नाही. ही संभाव्यतेची रचना आहे.

त्यात सेन्सर स्वतःच बिघडतात. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. परिसरातल्या दुसऱ्या केंद्रांवर तेव्हा ४४ च्या आसपास आकडा होता. माणसांनी तुलना केली आणि सेन्सरमधला दोष जाहीर झाला. हाती शस्त्र नव्हते म्हणून तुलना करायला वेळ मिळाला. अंतराळात वैश्विक किरणांची भर पडते. एखादा कण चिपमधून गेला, की स्मृतीतला शून्याचा एक होऊ शकतो. यावरचा उपाय जुना आहे, एकापेक्षा अधिक संगणकांना तोच हिशेब देऊन बहुमत घ्यायचे. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये चार संगणक एकच प्रणाली चालवत आणि पाचव्यात वेगळ्यांनी लिहिलेली प्रणाली असे. पाचवा वेगळा, कारण चौघांना एकाच चुकीची शिकवण मिळाली असेल तर बहुमतही चुकतेच. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत संघाच्या उपग्रहांनी अमेरिकेतून क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. उंचावरच्या ढगांवरून परतलेले ऊन त्यांनी आग समजले होते. ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव पेत्रोव यांनी फक्त पाच क्षेपणास्त्रांनी कोणी युद्ध सुरू करत नाही असा विचार केला आणि तो इशारा खोटा ठरवला. हा विचार कोणत्याही सेन्सरमधून येत नव्हता.

भालदाराने माणसाला विचारूनच शस्त्र चालवावे, हे ओघाने आले. पण कोणत्या माणसाला? शनीवरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला साधारण ७० ते ९० मिनिटे लागतात, उत्तराला तेवढीच. नागपुरात बसून शनीच्या दारावरचा निर्णय घेता येत नाही. निर्णय घेणारा माणूस स्थानकातच हवा, जागा हवा, आणि यंत्र थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातात हवा. पृथ्वीवरही वाद इथेच अडला. दक्षिण कोरियाने २००६ मध्ये सीमेसाठी पहारेकरी यंत्र पुढे आणले. ते परवलीचा शब्द विचारते आणि त्यावर मशीनगन आहे. गोळीबाराचा निर्णय माणूसच घेतो, असे सांगितले गेले. ते आपणहून गोळी झाडू शकते का, यावर मात्र खूप चर्चा झाली.

थांबवण्याचा प्रश्न आपल्या कथांना फार पूर्वी सुचला होता. पाली परंपरेत एक गोष्ट आहे. अजातशत्रूने बुद्धांचे धातू, म्हणजे अस्थी-अवशेष, जमिनीखाली ठेवले आणि भोवती तलवारी घेऊन वाऱ्याच्या वेगाने फिरणाऱ्या लाकडी आकृत्यांचे यंत्र बसवण्यात आले. राजा गेला, पिढ्या गेल्या, यंत्र फिरतच राहिले. धातूंपर्यंत पोचू पाहणाऱ्या अशोकाच्या वाटेत तेच उभे होते, आणि शेवटी यंत्राच्या सांध्यावर बाण मारून ते थांबवावे लागले. दीक्षाभूमीच्या शहरातल्या माझ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट श्वास रोखून ऐकली. नागपुरातच तयार होणाऱ्या ‘नागास्त्र-१’ या घिरट्या घालणाऱ्या शस्त्रात हल्ला अर्ध्यावर रद्द करण्याची आणि पॅराशूटने ते परत उतरवण्याची सोय आहे. शस्त्राच्या रचनेतला तो भाग मला स्फोटकाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

कायद्याची बाजूही मुलांना सांगितली. १९६७ चा बाह्य अवकाश करार अंतराळवीरांना मानवजातीचे दूत मानतो आणि एका देशाच्या अंतराळवीराने दुसऱ्याला शक्य ती सर्व मदत करावी असे सांगतो. चंद्रावर आणि इतर खगोलांवर लष्करी तळ उभारायला, शस्त्रचाचण्या करायला त्यात मनाई आहे. तिथली स्थानके पूर्वसूचना देऊन, परस्पर तत्त्वावर, दुसऱ्या देशांच्या प्रतिनिधींना पाहता यावीत असेही त्यात आहे. भालदार शनीच्या एखाद्या चंद्रावर उभा केला, तर त्याचा ‘सोडायचे नाही’ हा हुकूमच या कराराशी भिडतो.

मग अनोळखी माणसाचे काय करायचे? त्याचे उत्तर दाराच्या रचनेत आहे. प्रत्येक स्थानकाला हवाबंद कोठडी असते, दोन दारांची. बाहेरचे उघडते तेव्हा आतले बंद, आतले उघडते तेव्हा बाहेरचे बंद. भालदाराने अनोळखी माणसाला या कोठडीत घ्यावे, बाहेरचे दार लावावे, हवा सोडावी. हवा आली की आवाज आला, आणि बिघडलेल्या रेडिओचा अडसर संपला. आता त्याला नाव विचारता येते, काचेतून चेहरा पाहता येतो, आणि आतले दार माणसाने उघडेपर्यंत बंदच राहते. तो हल्लेखोर निघाला आणि स्फोटके घेऊन आला तर? तो धोका खरा आहे. त्यासाठी ही कोठडी स्थानकाच्या भिंतीला चिकटून नसावी, लांब बोगद्याच्या टोकाला असावी, आणि तिची बाहेरची भिंत मुद्दाम कमकुवत ठेवावी, म्हणजे स्फोट झालाच तर तो अवकाशाकडे फुटेल. बोगदा किती लांब, हे मुले सध्या मोजत आहेत.