‘दुर्मीळ व्यक्तिमत्त्व’ आणि आयुष्याची वाट : पार्श्वभूमी

‘मायर्स-ब्रिग्ज’ या चार अक्षरांच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत ‘आयएनएफजे’ (अंतर्मुख, अंतर्ज्ञानाकडे, भावनेकडे आणि नियोजनाकडे झुकलेला) असा निकाल लागला, की त्यासोबत एक आकडाही कळतो : लोकसंख्येच्या जेमतेम एक-दीड टक्का. पाठोपाठ सल्ला येतो. अशा माणसाला चाकोरीतले काम मानवत नाही, त्याने समुपदेशन, लेखन, अध्यापन अशा वाटा धुंडाळाव्यात. आकडा आणि सल्ला यांचा उगम वेगवेगळा आहे आणि त्यांची सांगड बरीच उशिरा घातली गेली.

स्वभावाचे साचे पाडण्याची हौस ग्रीक वैद्यांच्या चार द्रवांइतकी जुनी असली, तरी आजच्या चाचणीचे मूळ १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन ग्रंथात आहे. तो एका स्विस मनोविकारतज्ज्ञाने लिहिला होता. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी त्यातलीच. कोणत्याच टोकाला ठळकपणे न झुकणारा मधला गट सर्वांत मोठा असतो, हेही त्याच ग्रंथात नोंदवलेले आहे. पुढे चाचणी विकणाऱ्यांना या वाक्याची फारशी आठवण राहिली नाही.

१९२३ मध्ये ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आला आणि एका अमेरिकन गृहिणीच्या हाती पडला. माणसांचे प्रकार पाडण्याचा तिचा स्वतःचा उद्योग आधीपासून चालू होताच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या मुलीने त्यावरून प्रश्नावली रचायला घेतली. मुलीची पदवी राज्यशास्त्राची होती. मानसशास्त्राचे रीतसर शिक्षण दोघींपैकी कोणीच घेतलेले नव्हते. हेतू मात्र व्यावहारिक होता : युद्धामुळे प्रथमच कारखान्यांत आणि कचेऱ्यांत येणाऱ्या स्त्रियांना आपल्याला झेपेल, रुचेल असे काम सापडावे. म्हणजे ‘माझी वाट कोणती’ हा प्रश्न या चाचणीला जन्मापासून चिकटलेला आहे. दुर्मीळपणा नंतर आला.

तो कुठून आला हे कळायला, चाचणी घडताना घेतलेला एक निर्णय पाहावा लागतो. चाचणीत चार जोड्या आहेत : अंतर्मुख-बहिर्मुख, संवेदन-अंतर्ज्ञान (समोरच्या तपशिलावर भर की शक्यतांवर), विचार-भावना आणि नियोजन-मोकळेपणा. प्रश्नांची उत्तरे मोजली की प्रत्येक जोडीसाठी पट्टीवरचा एक बिंदू मिळतो. कोणी खूप डावीकडे, कोणी जरासा उजवीकडे, बहुतेक मध्याच्या आसपास. मायलेकींनी या पट्टीच्या मधोमध रेघ मारली आणि रेघेच्या अलीकडच्यांना एक अक्षर, पलीकडच्यांना दुसरे दिले. टीकाकारांचा मुख्य आक्षेप आजही हाच आहे. गुण खरोखर दोन वेगळ्या ढिगांत पडले असते, तर रेघ रास्त ठरली असती. प्रत्यक्षात ते घंटेच्या आकारात पसरतात आणि रेघ नेमकी जिथे सर्वाधिक गर्दी असते तिथून जाते. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिल्यावर जवळपास निम्म्या लोकांचे एखादे तरी अक्षर बदलल्याचे काही अभ्यासांत आढळले, यात नवल नाही.

आता टक्केवारी. १९७८ च्या एका लोकप्रिय पुस्तकाने आयएनएफजे एक टक्का असल्याचे सांगितले. त्याच पुस्तकानुसार तीन चतुर्थांश माणसे बहिर्मुख होती. १९९८ ची अधिकृत नियमपुस्तिका निघाली तेव्हा सुमारे ३,००० अमेरिकन प्रौढांचा प्रातिनिधिक नमुना घेतला गेला. त्यात अंतर्मुख जवळपास निम्मे निघाले! वीस वर्षांत माणसे इतकी बदलली नव्हती. आधीचे आकडे अंदाजाचे होते. आयएनएफजे या नमुन्यातही सर्वांत कमी, १.५ टक्के, आयएसएफजे (अंतर्ज्ञानाच्या ‘एन’ऐवजी संवेदनाचा ‘एस’) सर्वांत जास्त, १३.८ टक्के. दोहोंत फरक एकाच अक्षराचा. संवेदन-अंतर्ज्ञान या पट्टीवर मध्याजवळ असलेल्या माणसाची दोन उत्तरे इकडची तिकडे झाली, की तो सर्वांत मोठ्या गटातून उठून सर्वांत लहान गटात जाऊन बसतो.

आणखी एक गंमत आहे. याच नमुन्यातले चारही अक्षरांचे प्रमाण एकमेकांशी गुणले, तर आयएनएफजे साडेचार टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. ते तिपटीने कमी येतात, कारण अंतर्ज्ञानाकडे झुकलेली माणसे चौथ्या जोडीत बहुधा ‘पी’कडे, म्हणजे नियोजनाऐवजी मोकळेपणाकडे झुकतात. चार जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतकच इथे लंगडे पडते. म्हणजे ज्या टक्क्याचा अभिमान वाटतो, त्यातला बराचसा भाग मोजपट्टीच्या घडणीतून आलेला आहे. आणि दीड टक्का हे प्रमाण जगाला लावले (तसे लावणे योग्य नाही, तरी लावले जाते), तर आठ अब्जांत बारा कोटी माणसे होतात.

दुर्मीळपणाचे वर्णन वाचून ‘हे तर माझेच’ असे का वाटते, याचा उलगडा १९४० च्या दशकाच्या अखेरीस एका अमेरिकन प्राध्यापकाने केला होता. त्याने वर्गातल्या सगळ्या विद्यार्थ्यांना स्वभावाचे एकच वर्णन, प्रत्येकाचे खास म्हणून वाटले. मजकूर राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. विद्यार्थ्यांनी अचूकतेला सरासरी पाचपैकी ४.२६ गुण दिले.

कामधंद्याच्या सल्ल्याची शाखा मुळात वेगळी होती. ती १९०८ मध्ये बॉस्टनला निघालेल्या व्यवसाय मार्गदर्शन कचेरीपासून चालत आली. स्वतःला ओळखा, कामे ओळखा, मग दोहोंचा मेळ घाला, अशी तिथली पद्धत. चार अक्षरांची चाचणी तिच्या जवळ आली ती १९७५ मध्ये एका खासगी प्रकाशकाने तिचे हक्क घेतल्यावर. पुढे कोणत्या पेशात कोणता प्रकार किती, याचे तक्ते निघाले. एखाद्या पेशात एक प्रकार जास्त दिसतो, एवढेच ते तक्ते सांगतात. त्या माणसांचे तिथे बरे चालले आहे की नाही, हे त्यांतून कळत नाही. वाचले मात्र ते शिफारस म्हणूनच गेले. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय वैज्ञानिक समितीने आढावा घेऊन, व्यवसाय मार्गदर्शनासाठी या चाचणीचा वापर समर्थनीय ठरेल इतके चांगले संशोधन उपलब्ध नाही, असा निष्कर्ष काढला. नोकरभरतीत ती वापरू नये, असे तर चाचणीचे हक्कदारच सांगतात.

२०१० च्या दशकात एका मोफत संकेतस्थळाने खेळ बदलला. आतली मोजणी पाच गुणधर्मांच्या आधुनिक प्रारूपावर बेतलेली, वरची अक्षरे मात्र जुनीच, शिवाय पाचवे एक जोडलेले. त्यामुळे तिथे मिळालेला निकाल आणि १९९८ च्या नियमपुस्तिकेतला टक्का ही दोन निराळ्या चाचण्यांची फळे आहेत. करिअरच्या सल्ल्यांत ती अजूनही एकाच वाक्यात आढळतात.