कोळसा खाण परिसरातील जलनिरीक्षण

कोळसा खाणीमुळे आसपासच्या विहिरी, ओढे आणि नद्यांचे पाणी किती उतरते व कसे बदलते, याची ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी केलेली नोंद म्हणजे जलनिरीक्षण. मुंबईच्या बेसॉल्ट कातळात कोळसा नाही. राज्यातल्या खाणी चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत आहेत. पण उपनगरांना वीज पुरवणारे डहाणूचे 500 मेगावॅटचे केंद्र कोळशावरच चालते, आणि खाणींच्या सांडपाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मुख्यालय शीवला आहे. पावसाळ्यात तानसा-भातसाची पातळी मुंबईकर रोज पेपरात पाहतात. खाणीशेजारच्या गावाला तेवढीच काळजी आपल्या विहिरीची असते.

विदर्भात कोळशाचे थर बराकर खडकांत सापडतात. त्यांच्या वरचा कामठी वालुकाश्म भरपूर पाणी धरून ठेवतो. खाण खोल जाते तसे हे पाणी आत झिरपते व पंपाने सतत उपसावे लागते. भोवतालची भूजलपातळी मग शंकूसारखी खाली बसते आणि खाणीलगतच्या विहिरींना त्याची झळ आधी लागते.

म्हणून गावच्या विहिरी आणि पातळी मोजण्यासाठी मुद्दाम खोदलेल्या अरुंद नळ्या (पिझोमीटर) यांत साधारणपणे जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी चार वेळा पातळी मोजतात. टेप पाण्याला टेकेपर्यंत सोडायचा, आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. ही वजाबाकी राहिली तर विहीर कागदावर हातभर खोल होते. नोव्हेंबरची पातळी मागच्या नोव्हेंबरइतकी वर आली का, हा खरा प्रश्न. पाऊसच कमी झाला असेल तर दोष उपशाचा नसतो, त्यामुळे पर्जन्यमापकाची वही शेजारी लागतेच. खाण सुरू होण्याआधीच्या नोंदी सर्वांत मोलाच्या. त्या नसतील तर नंतरचे महागडे यंत्रही नुकसान सिद्ध करू शकत नाही.

नदी-नाल्यांत खाणीचे पाणी मिसळण्याच्या जागेच्या वर आणि खाली, असे दोन्हीकडचे नमुने घेतात. बाटली त्याच पाण्याने विसळायची. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत मात्र नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर लोह बाटलीच्या भिंतीला चिकटून बसते. विंधण विहिरीतले साचलेले पाणी आधी उपसून टाकावे लागते. कोळसा खाणींसाठी 2000 साली ठरलेल्या मानकांनुसार बाहेर सोडलेल्या पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा) 5.5 ते 9, तेल-ग्रीस लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत आणि नदी-नाल्यात सोडायचे असल्यास तरंगता गाळ 100 मिलिग्रॅमपर्यंत असावा लागतो. मातीच्या ढिगाऱ्यांवरून पहिल्या पावसात गाळ वाहून येतो; नमुना नेमका तेव्हा घेतला पाहिजे, कोरड्या हिवाळ्यातल्या नितळ नमुन्यावर समाधान मानू नये.

कोळशातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते. सामू घसरतो, सल्फेट व लोह वाढते आणि ओढ्याच्या दगडांवर नारिंगी थर चढतो. पंप थांबल्यावर बंद खाणीत पाणी पुन्हा चढू लागते आणि उघड्या पडलेल्या खडकांतले क्षार सोबत घेते, त्यामुळे कोळसा काढणे संपल्यानंतरही त्याच विहिरींची मोजणी चालू ठेवावी लागते.